ओवी, हलगी आणि वेदी

जानेवारी २०२० च्या १० ते १२ तारखांना अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे त्र्याण्णवावे अधिवेशन उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवात, भरले. अध्यक्षस्थानी फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते आणि संमेलननगरीला नाव होते तेरच्या संत गोरोबाकाकांचे. धर्मगुरूचा साहित्याशी काय संबंध, असा प्रश्न त्या वेळी बाहेरच्या काही मंडळींनी विरोधाच्या सुरात विचारला होता. त्याचे उत्तर फादरांच्या ग्रंथांनी आधीच देऊन ठेवले होते. जुलै २०२४ मध्ये फादर निवर्तले. त्यांचे ‘सुबोध बायबल’ मात्र आमच्या घरांत आहे. आम्हांस अस्वस्थ करतो तो त्याच प्रश्नाचा दुसरा, घरातला अवतार : कलेचा उपासनेशी काय संबंध? हा प्रश्न आमच्या बाकांवरून (मराठवाड्यात खरे तर सतरंज्यांवरून) क्वचितच विचारला जातो; कारण उत्तर ठाऊक आहे असे सर्वांनी गृहीत धरले आहे. गायन म्हणजे मिस्सामधल्या रिकाम्या जागा भरण्याचे साधन, आणि मूर्ती म्हणजे देणगीदाराचे नाव कोरण्यासाठी मिळालेला चौथरा!

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा जो दस्तऐवज प्रसृत केला, त्याची भूमिका याच्या नेमकी उलट आहे. शब्दाशी एकरूप झालेले गायन हा सोहळ्याच्या उपासनेचा अंगभूत भाग होय, असे तेथे सांगितले आहे. ख्रिस्तसभेने कोणतीही एक कलाशैली आपली म्हणून स्वीकारलेली नाही, प्रत्येक काळाच्या व प्रदेशाच्या शैलींना तिने वाव दिला आहे, असेही तेथे म्हटले आहे; आणि ज्या लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे त्यांच्या परंपरेला उपासनेत योग्य स्थान द्यावे, असा स्पष्ट निर्देश आहे. साठ वर्षे उलटून गेली. आमच्या धर्मग्रामांत आज काय ऐकू येते? कीबोर्डवर एक ठेका लावून दिला जातो आणि अर्पणगीतापासून ख्रिस्तप्रसादाच्या गीतापर्यंत सर्व गीते त्याच ठेक्यावर पळतात. नाताळच्या गोठ्यावर कापसाचा बर्फ पसरला जातो. ज्या जिल्ह्यात लोक टँकरची वाट पाहत बसतात, तेथे बाळ येशू बर्फात जन्मतो! भाविकांच्या हौसेला आम्ही हसत नाही. परंतु प्रभू आपल्या गावात जन्मला, असे त्या गोठ्याने आम्हांस सांगावयाचे असते, आणि नेमके तेच तो सांगत नाही.

मराठीत या प्रश्नाला सर्वांत मोठे उत्तर चारशे वर्षांपूर्वी दिले गेले. १५७९ साली गोव्यात उतरलेले इंग्रज येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या, दोन भाग, पहिल्यात जुना करार आणि दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. आणि हे सारे रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे हाताशी नव्हते. १६५४ पर्यंत त्याच्या तीन आवृत्त्या निघाल्या, आणि पुढे छापील प्रतीसाठी १९०७ सालच्या मंगळूरच्या आवृत्तीपर्यंत वाट पाहावी लागली. मधल्या अडीच शतकांत हे पुराण जगले ते हस्तलिखितांत आणि गाणाऱ्यांच्या कंठांत. राज्यकर्त्यांनी लोकभाषेवर बंधने घातली असतानाही ते टिकले. उपासनेत कलेचे काय काम, असे विचारणाऱ्यास एवढा एक पुरावा पुरावा.

या ग्रंथाची थोरवी केवळ त्याच्या आकारात नाही. स्टीफन्स यांनी ओवी घेतली ती वेष म्हणून घेतली नाही. ओवीचे पहिले तीन चरण यमकाने एकमेकांस बांधलेले असतात आणि चौथा आखूड चरण श्वास सोडल्यासारखा येतो. ऐकणाऱ्याला तेथे थांबता येते, मान डोलवता येते, मनाशी बोलता येते. कथा सांगत सांगत प्रार्थनेकडे वळण्यास इतकी सोयीची रचना मराठीत दुसरी नाही. स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणण्याचे धैर्यही त्यांनी दाखविले. तरीही हा ग्रंथ वाचताना एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. पुराणाच्या आरंभी फादरांकडे अशा ग्रंथाची मागणी करणारा माणूस ब्राह्मण आहे. जुनी पुराणे गेली, त्यांच्या जागी आम्हांस काही द्या, असा त्या मागणीचा आशय. ज्याच्याकडे पुराण होते त्यालाच पुराणाची उणीव भासणार. ज्यांना पुराण ऐकण्यास देवळाच्या पायरीपर्यंतही जाऊ दिले जात नव्हते, त्यांच्या कलेचे काय?

येथे आपण धाराशिवला परत येतो. १९६९ साली भारतातील उपासनेसाठी बारा गोष्टींना मान्यता मिळाली. बसून प्रार्थना, पंचांग प्रणाम, आरती, समई अशा त्या गोष्टी होत. त्यांत सौंदर्य आहे. आमच्या वेदीपाशी समई तेवते आणि ती तेवत राहावी. पण ‘भारतीय’ म्हणून जे निवडले गेले ते बहुतेक देवळाच्या गाभाऱ्यातून आले, आणि त्या गाभाऱ्याच्या दारातून आमच्या अनेक कुटुंबांच्या आज्या-पणज्यांना हाकलले गेले होते. दलित धर्मचिंतकांनी हा आक्षेप गेली चार दशके सातत्याने मांडला आहे. त्याला ‘कटुता’ म्हणून बाजूला सारणे आम्हांस मान्य नाही.

मग वाड्या-वस्त्यांवरच्या कलेला हाक मारावी, तर पेच अधिकच अवघड होतो. तुळजापूरच्या परिसरात संबळ आहे, गोंधळ आहे, पोतराज आहे. आणि सर्वत्र हलगी आहे. हलगीचा कडकडाट ज्याने एकदा ऐकला आहे त्याला पुनरुत्थानाच्या रात्री याहून योग्य वाद्य कोणते, असे वाटल्यावाचून राहणार नाही. बाहेरून येणारे अभ्यासक हे उत्साहाने सुचवितातही. परंतु आमच्या वडीलधाऱ्यांस विचारून पाहावे. हलगी त्यांच्यासाठी ‘लोककला’ नव्हती. मयतीपुढे, वरातीपुढे, मेलेल्या जनावराइतक्याच हक्काने गावाने लादलेले ते काम होते. “गळ्यातली हलगी उतरवायलाच तर आमचे बाप इथं आले,” असे म्हणणाऱ्या म्हाताऱ्याला परिषदेचा दस्तऐवज वाचून दाखवून काय साधणार? त्याचा नकार हीसुद्धा कलेची समीक्षाच आहे, आणि ती पुस्तकी समीक्षेहून भारी आहे.

तमिळनाडूत ‘परै’ या ढोलाची गत हीच होती. मदुराईच्या धर्मशास्त्र विद्यालयातील जे. टी. अप्पावू यांनी परै आणि लोकगीतांची चाल उपासनेत आणली. पण त्याच्या आगेमागे तेथील दलित चळवळीने परै स्वतःच्या हाताने, स्वतःच्या अभिमानाचे वाद्य म्हणून उचलली होती. महाराष्ट्रात आंबेडकरी जलशांनी आणि अण्णा भाऊ साठे यांच्या लोकनाट्याने असेच केले : ज्या तमाशाने जातीला हिणवले, त्याच तमाशाच्या अंगणात उभे राहून जाब विचारला. वाद्याची शुद्धी वाजविणाऱ्यानेच करावयाची असते. धर्मगुरूच्या फर्मानाने हलगी वेदीपाशी आली, तर ती पुन्हा एक वेठच ठरेल. उद्या आमच्यातील एखादा तरुण ती मोकळ्या मनाने घेऊन आला, तर दार उघडणे एवढेच आमचे काम. तोवर वाट पाहण्यात कमीपणा नाही.

पण वाट पाहताना हात बांधून बसावे लागत नाही. या जिल्ह्यात एक कला अशी आहे की जिच्यावर वेठीचा डाग नाही. जात्यावरची ओवी. तीही कष्टाचीच, परंतु गावाच्या दोन्ही टोकांना सारखीच गायिली गेलेली. आणि ऐकणारे कोणी नसताना गायिलेली, म्हणून खरी. तिच्यात नवे नाव सामावून घेण्याची शक्ती आहे की नाही, ही शंका शेजारच्या बीड जिल्ह्याने केव्हाच मिटविली आहे : माजलगावच्या स्त्रियांनी बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्या १९९६ मध्ये ध्वनिमुद्रित झाल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी उभारलेल्या त्या संग्रहात लाखाहून अधिक ओव्या आहेत. कोणत्याही समितीने त्या लिहून घेतल्या नव्हत्या. स्त्रियांना जे नाव प्रिय झाले ते आपोआप जात्यावर आले.

शास्त्रीबुवा या ओवीला ग्रांथिक ओवीची धाकटी बहीण मानतील. आम्हांस ती स्तोत्रांची सख्खी बहीण वाटते. हिब्रू स्तोत्राची ओळ दोन अर्धांची असते : पहिल्यात एक विचार, दुसऱ्यात तोच विचार किंचित वळवून. जात्यावरची ओवी नेमकी अशीच चालते. पहिली ओळ दळण घालते, दुसरी ते बारीक करते. प्रतिसादस्तोत्र कीबोर्डवर का लंगडते आणि एखादी आजी ते सहज म्हणू लागली तर का उभे राहते, याचे कारण या घडणीत आहे. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग आणि भजन ख्रिस्तचरणी आणले आणि मराठी ख्रिस्ती उपासनेवर फार मोठे उपकार केले. परंतु भजनाला टाळकऱ्यांचा मेळा लागतो. ओवीला दोन कंठ पुरतात. ज्या वस्तीत रविवारी पंधरा माणसे जमतात, तेथे हा फरक लहान नाही.

मिस्साच्या अधिकृत संहितेत कोणाही धर्मगुरूने आपल्या मर्जीने बदल करू नये, असे तोच १९६३ चा दस्तऐवज बजावतो, आणि ते योग्यच आहे. मात्र क्रूसाच्या वाटेची भक्ती, मे महिन्यातील मरीयेची प्रार्थना, मयताच्या घरची रात्र येथे मोकळीक पुष्कळ आहे. चौथ्या स्थानी येशूला त्याची माता भेटते. त्या भेटीवर बोलण्याचा अधिकार जर कोणाचा असेल तर तो ज्यांनी मुलांना ऊसतोडीला जाताना पाहिले आहे त्या बायांचा. आमच्या छापील पुस्तिकांतील चौथ्या स्थानाची प्रार्थना व्याकरणशुद्ध आहे, आणि तिच्यात आईचा आवाज नाही.

ज्यांना जात्याची चाल पाठ आहे अशा स्त्रिया आता सत्तरीच्या पुढे आहेत. गिरणी आली आणि सुनांना ती चाल शिकण्याचे निमित्त उरले नाही. वाचकांपैकी ज्यांच्या घरी अशी आजी असेल त्यांनी येत्या उपवासकाळाआधी तिच्याजवळ बसावे, एकेका स्थानाची कथा तिला वाचून दाखवावी, आणि ती जे म्हणेल ते तिच्याच बोलीत, एकही शब्द न सुधारता, उतरून घ्यावे.