वीरगळ आणि लाल फीत

आजचा प्रश्न दिसायला साधा आहे. एचआयव्ही आणि एड्सने ज्यांना गाठलं, त्यांच्यासाठी उद्या पिंपरी-चिंचवडमध्ये स्मारकशिल्प उभारायचं ठरलं, तर ते कसं असावं? हा विषय या गावाला परका नाही. राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था १९९२ साली सुरू झाली ती इथेच, भोसरीच्या एमआयडीसीत, कारखान्यांच्या शेजाराला.

पहिली कल्पना सगळ्यांना सुचते ती लाल फितीची. चौकात वीस फूट उंच फायबरची फीत, रात्री तिच्यावर दिवे. आमचा तिला विरोध आहे. १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या कलावंतांनी ती फीत घडवली ती छातीवर लावायला. ती लावणारा माणूस म्हणत असतो, 'मी तुमच्या बाजूचा आहे.' चौकातली फीत कुणीच लावलेली नसते. मग ती सरकारी सूचना होते, 'सावधान, पुढे वळण आहे' तशी.

दुसरी कल्पना नावांची. अमेरिकेत १९८७ मध्ये वॉशिंग्टनला गोधडी अंथरली गेली, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. प्रत्येक तुकडा तीन फूट बाय सहा फूट, म्हणजे साधारण एका कबरीएवढा, आणि त्यावर गेलेल्याचं नाव. फार मोठी कृती होती ती. पण तिथेही काही तुकड्यांवर फक्त पहिलं नाव आहे, काहींवर आद्याक्षरंच. आपल्याकडे नाव कोरायचं म्हणजे मागे राहिलेल्या बायकोची भाड्याची खोली आणि मुलीचं लग्न, दोन्ही पणाला लावणं. २०१७ च्या कायद्याने तर संमतीशिवाय कुणाची स्थिती उघड करायला मनाईच केली आहे.

मग नावंही नाहीत आणि फीतही नाही, तर उरलं काय? इथे आम्हाला एक कबुली द्यावी लागते. नव्वदच्या दशकात आमच्या आळीतला एक कामगार गेला. तरुण होता, तिन्ही पाळ्या करायचा. घरच्यांनी शोकसंदेश लिहून मागितला. 'तुम्ही प्रोफेसर, तुम्हीच लिहा.' आम्ही लिहिलं, 'अल्पशा आजाराने निधन.' आजार अल्पसा नव्हता, तीन वर्षांचा होता. घरचे गप्प राहिले ते भीतीपोटी, ते समजू शकतं. आमचं मौन मात्र सोयीचं होतं. सत्य हा विषय आयुष्यभर शिकवून आम्ही तिथे तीन शब्दांत खोटं बोललो.

त्या शोकसंदेशाच्या नेमकी उलट वस्तू आपल्या गावोगावी उभी आहे. वीरगळ! देवळाच्या आवारात, वेशीवर, कधी शेताच्या बांधावर. खालच्या थरात लढाई आणि मरण, मधे अप्सरा त्याला घेऊन निघाल्या आहेत, वर शिवपिंडीची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य. महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर लेख नसतो. माणूस कोण ते कळत नाही, कसा गेला ते स्वच्छ कळतं. आमच्या संदेशात नाव होतं आणि मरण झाकलेलं होतं.

आमच्या मते या स्मारकाचा पाया इथे सापडतो. नाव राखावं, मरण लपवू नये. 'एड्स' हा शब्द दगडात मराठीत ठळक कोरलेला असावा. नाव न सांगणं म्हणजे लाज बाळगणं नव्हे. आजाराचं नाव गिळणं ही मात्र लाजच.

कुणी म्हणेल, वीरगळ वीरांचा असतो, हे कुठले वीर? आक्षेप रास्त आहे. यांना वीर करू नये, बिचारेही करू नये. 'निष्पाप' आणि 'आपल्या कर्माने' अशी वाटणी तर अजिबात नको. दगडावर एकदा ती चढली की पुसली जात नाही. शिवाय वीरगळ फक्त गेलेल्यांचा. इथे जगणारे पुष्कळ आहेत. २००४ च्या १ एप्रिलपासून सरकारने मोफत एआरटी सुरू केली. आज नियमित गोळी घेणारा, रक्तातला विषाणू मोजणीखाली गेलेला माणूस चाकणला पाळी करून घरी जातो, आणि त्याच्यापासून जोडीदाराला लैंगिक संबंधातून लागण होत नाही. शिल्पाच्या वरच्या थरात अप्सरांऐवजी तो असावा: डबा, पाण्याचा पेला, गोळी.

आता जागा. निगडीचं भक्ती-शक्ती शिल्प भव्य आहे, ते गाडीतूनही दिसतं. हे तसं नको. आणि जिथे फक्त बाधितच जातील अशा कोपऱ्यातही नको, नाहीतर तिथे बसणं हाच दाखला ठरेल. झाडाखाली पार बांधावा, बसथांब्याजवळ, आणि दगड त्या पारातच बसवावा. कुणी बसची वाट बघत बसेल, कुणी डबा खाईल, कुणी मनातल्या मनात एक नाव घेईल. तिघांत फरक ओळखता येऊ नये.

तो संदेश आम्हाला पुन्हा लिहिता येणार नाही. पार झाला, तर तिथे बसून ते नाव मात्र घेता येईल.