महानायकाची शक्ती आणि जन्माचा दाखला

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयातला द्वितीय वर्षाचा एक विद्यार्थी तास संपल्यावर थांबला आणि त्याने एक दोनशे पानी वही माझ्यापुढे धरली. वहीत बॉलपेनने काढलेली चित्रकथा होती. बाबासाहेब पाठीवर निळा झगा घेऊन गोदावरीवरून उडत येतात आणि एका ठोशात काळाराम मंदिराचा दरवाजा फोडतात. चित्र जोरकस होते. "सर, कसं वाटलं?" असे त्याने विचारले आणि मला उत्तर देता आले नाही. चांगले म्हणालो असतो तर ते खोटे झाले असते, वाईट म्हणालो असतो तर अधिकच खोटे झाले असते. ते राहिलेले उत्तर येथे द्यायचे आहे.

आपल्या समीक्षेने कवितेची आणि आत्मकथनाची चिकित्सा भरपूर केली. आपली पोरे प्रत्यक्षात काय वाचतात हा प्रश्न मात्र तिने बालवाङ्मयाच्या खात्यात टाकला. मी स्वतः वाचायला शिकलो तो रद्दीवर. आई कागदाच्या पुड्या करायची आणि तिच्यासाठी वडील भद्रकालीतून किलोवर रद्दी आणायचे. त्या रद्दीत इंद्रजाल कॉमिक्सचे जुने मराठी अंक निघत. पुडी होण्याआधी अंक वाचून संपवायचा, एवढीच सवलत मला होती. १९६४ साली सुरू झालेली आणि १९९० साली बंद पडलेली ही मालिका माझ्यापर्यंत अशी उशिरा आणि फाटक्या स्थितीत पोहोचली. तिच्यातला वेताळ माझा देव होता.

आज तोच वेताळ वाचताना वेगळेच दिसते. जंगलात एक गोरा माणूस कवटीच्या सिंहासनावर बसतो. काळे लोक त्याला अमर समजतात. तो अमर नाही, तो एकविसावा आहे. बापाची जागा मुलाने घ्यायची, असे एकवीस पिढ्या चालले आहे आणि जंगलाला त्याचा पत्ता नाही. सत्ता वंशाने चालवायची आणि खालच्यांनी तिला दैवी मानायचे, ही रचना आपल्याला नवी नाही. मी तिला टाळ्या वाजवत होतो.

म्हणून चित्रकथेतल्या कोणत्याही महानायकाला मी आता एकच प्रश्न विचारतो: तुझ्याकडे शक्ती आली कोठून?

या प्रश्नाला अमेरिकन महानायकांनी नेहमीच वाईट उत्तर दिले असे नाही. १९३८ सालचा सुपरमॅन ज्या दोन पोरांनी रचला, ती ज्यू स्थलांतरितांची मुले होती, आणि त्यांचा नायकही मायभूमी नष्ट झालेला निर्वासितच आहे. १९६२ साली आलेला स्पायडरमॅन तर मला सर्वांत जवळचा वाटतो. तो पोरका मुलगा, घरी काका आणि काकू, खिशात पैसे नाहीत. त्याला किरणोत्सर्गी कोळी चावतो आणि तोही केवळ अपघाताने. कोळ्याने त्याचे कुल पाहिले नाही, पात्रता पाहिली नाही. (मराठीत कोळी ही एक जातही आहे. या कोळ्याने मात्र कोणाची जात विचारली नाही.) तो कोणालाही चावू शकला असता, या शक्यतेतच त्या कथेची लोकशाही आहे.

२००४ साली याच स्पायडरमॅनचा भारतीय अवतार निघाला. त्याचा नायक खेड्यातून शिष्यवृत्तीवर मुंबईला शिकायला आलेला मुलगा आहे. धोतर नेसतो म्हणून वर्गातली मुले त्याची टर उडवतात. त्याच्या काकांचे नाव भीम आहे. एवढे वाचून मी सरसावून बसलो. शिष्यवृत्तीचा मुलगा म्हणजे काय, ते मला माहीत आहे. मी शिकत असताना एका कार्यालयात शिष्यवृत्तीची यादी नावापुढच्या प्रवर्गासह मोठ्याने वाचली जाई, आणि रांगेतला प्रत्येक जण आपले नाव येईपर्यंत मान खाली घालून उभा राही. पण या चित्रकथेत शिष्यवृत्ती आहे, गरिबी आहे, टवाळी आहे, आणि जात तेवढी कोठेच नाही. टवाळी धोतराची आहे, माणसाची नाही. नायकाचे नाव पवित्र प्रभाकर! आपल्याकडे 'पवित्र' या शब्दाने काय काय केले आहे हे ज्यांनी सोसले, त्यांना ते नाव नुसते नाव म्हणून वाचता येत नाही.

खरा बदल मात्र पुढे आहे. या पवित्राला कोळी अपघाताने चावत नाही. एक प्राचीन योगी प्रकट होतो आणि त्याला शक्ती देतो. निर्मात्यांना यात भारतीयता दिसली असावी. मला त्यात वर्णव्यवस्थेची सवय दिसते. अपघात आपल्या संस्कृतीला सोसत नाही. शक्ती पात्र व्यक्तीलाच मिळाली पाहिजे आणि पात्रता ठरविणारा जटाधारीच असला पाहिजे. शंबूकाला आणि एकलव्याला अपात्र ठरविणारे हेच होते. हा पवित्र २०२३ साली चित्रपटात आला, तो चित्रपट मराठीतही लागला आणि त्याच वर्षी त्याच्या नव्या अंकांची मालिकाही निघाली. आमच्या वर्गातली मुले त्याच्यावर खूश आहेत. त्यांचा आनंद मी हिरावून घेऊ इच्छित नाही, पण त्या योग्याविषयी त्यांना सांगितले पाहिजे.

कोणी म्हणेल, मग ब्लॅक पँथर घ्या. नावाचा मोह मलाही आहे. हे पात्र १९६६ च्या मध्यात आले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात अमेरिकेत ब्लॅक पँथर पक्ष स्थापन झाला. पुढे १९७२ साली प्रकाशकांनी पक्षापासून अंतर राखण्यासाठी पात्राचे नाव काही काळ 'ब्लॅक लेपर्ड' केले. त्याच १९७२ साली मुंबईत आपल्या तरुणांनी पँथर हे नाव अभिमानाने घेतले! पण हा कृष्णवर्णीय नायकसुद्धा राजा आहे आणि त्याची शक्ती राजवंशाच्या वारशाने येते. २०१६ ते २०२१ या काळात ही मालिका लिहिणाऱ्या ता-नेहिसी कोट्स यांनी याच ठिकाणी बोट ठेवले. त्यांच्या कथेत प्रजा बंड करते आणि राजाला अखेर संविधान मान्य करावे लागते. अलीकडच्या महानायक-कथांत मला सर्वांत मोलाची वाटली ती ही.

आता बाबासाहेबांच्या चित्रांकडे येतो. अमर चित्रकथेने १९७९ साली त्यांच्यावर अंक काढला. मात्र ज्या मालिकेत देव आणि राजे गोरे व राक्षस काळे रंगवले जात, तिच्या रांगेत ते उभे राहिले. २०११ चे 'भीमायन' वेगळे आहे. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी माणसांना चौकटीत कोंबायलाच नकार दिला. पान मोकळे ठेवले. जहरी बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी, सोसणाऱ्याच्या बोलण्याला पक्ष्याचा आकार. कल्पना साधी आहे, पण शाळेतल्या पाण्याचा प्रसंग त्या नांगीने जसा उतरतो तसा शब्दांनी क्वचितच उतरला असेल. पुस्तकाचे माझे एक भांडण आहे. राखीव जागांवर कुरकुरणाऱ्या माणसाला पटवून देण्यासाठी ते सांगितले गेले आहे. आमच्या पोराला काही पटवून द्यायचे नाही. त्याला स्वतःचे चित्र हवे आहे.

मी त्याला हे पुस्तक दिले. त्याने उलटून पाहिले आणि विचारले, "सर, यात फायटिंग कुठंय?"

प्रश्न रास्त होता. काळारामाच्या दारात लढाई झाली होती, पण ती एकट्याची नव्हती. २ मार्च १९३० रोजी हजारोंची मिरवणूक मंदिरावर गेली तेव्हा दरवाजे बंद होते. दुसऱ्या दिवशी पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या, त्या चारी दरवाजांवर जाऊन बसल्या. पुढे रामनवमीला रथावरून झटापट झाली, दगड आले. दादासाहेब गायकवाडांसारखे कार्यकर्ते हा लढा वर्षानुवर्षे चालवीत राहिले. दरवाजा उघडला नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी धर्म सोडण्याची घोषणा केली. एका ठोशात दरवाजा फोडणाऱ्याला येवल्याला जायचे कारणच उरत नाही. शिवाय राजकारणातली भक्ती अधःपाताकडे आणि हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत ज्यांनी दिला, त्यांनाच आपण झगा चढवणार काय? बाबासाहेबांची शक्ती वंशाने आलेली नव्हती, योग्याने दिलेली नव्हती. ती रात्र रात्र वाचून आणि माणसे जमवून आलेली होती. तिचे चित्र काढणे उडणाऱ्या माणसाच्या चित्राहून फार कठीण आहे, हे मी कबूल करतो.

हे सारे त्याला एवढ्या शब्दांत सांगितले नाही. चार दरवाजे आणि दीडशे माणसे काढ, एवढेच म्हणालो. "सगळ्यांचे चेहरे?" त्याने विचारले. सगळ्यांचे, मी म्हणालो. तो थोडा वैतागला. मग म्हणाला, बायका लुगड्यात कशा बसल्या असतील, मांडी घालून की उकिडव्या, ते कोणाला तरी विचारावे लागेल. मला ते माहीत नव्हते. येत्या रविवारी आम्ही दोघे त्याच्या आजीकडे जाणार आहोत. तिच्या सासूकडून तिने काही ऐकले आहे म्हणतात.