‘हेवेल’चा अर्थ आणि ख्रिस्ती जीवनदृष्टी

हिब्रू प्रज्ञावाङ्मयातील ‘उपदेशक’ या ग्रंथाचा सारा भार ‘हेवेल’ या एका शब्दावर आहे. बारा अध्यायांत तो ३८ वेळा येतो. त्याचा मूळ अर्थ श्वास किंवा वाफ असा आहे. ‘सेप्टुअजिंट’ या ग्रीक भाषांतराने त्याकरिता ‘मातायोतेस’, म्हणजे निष्फळता, हे भाववाचक नाम योजिले. जेरोमने लॅटिनमध्ये ‘वानितास’ योजिले. प्रतिमा लोपली आणि मूल्यनिर्णय तेवढा उरला.

वस्तुतः इतर ग्रीक भाषांतरकारांनी येथे ‘वाफ’ हाच अर्थ घेतला होता, ही नोंद जेरोमनेच इ. स. ३८८ च्या सुमाराच्या आपल्या भाष्यात केली आहे. तथापि ब्लेसिला या तरुण विधवेस जगाविषयी तुच्छता वाटावी, या हेतूने त्याने हा ग्रंथ तिला शिकविला होता. मठवासी परंपरेत हाच दृष्टिकोण रूढ झाला. मराठी बायबलातील ‘व्यर्थ’ हा शब्दही त्याच वळणाचा आहे.

परंतु ग्रंथाचा अंतर्गत पुरावा याच्या विरुद्ध जातो. खाणेपिणे व श्रमांतील समाधान यांस उपदेशक पुनःपुन्हा ईश्वराचे देणे म्हणतो. ते व्यर्थ कसे असेल? वाफ मुठीत धरता येत नाही, एवढ्याने ती तुच्छ ठरत नाही. पौलानेही रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायात सृष्टीविषयी ‘मातायोतेस’ हाच शब्द वापरला, पण आशेशी जोडून. ख्रिस्ती जीवनाचा अर्थ या ग्रंथात शोधणाऱ्या अभ्यासकाने जेरोमच्या निष्कर्षापेक्षा त्याने नोंदविलेल्या पाठभेदाकडे आणि पौलाच्या या प्रयोगाकडे वळणे अधिक युक्त होय.