कसोटी आणि उगम : दागिन्यांच्या प्रमाणपत्रांची चिकित्सा

मराठीत माणसाची पारख सोन्याच्या भाषेत केली जाते. ‘बावनकशी’, ‘कसाला उतरणे’ हे शब्दप्रयोग सराफीतून साहित्यविचारात आले. परंतु कसोटीचा दगड धातूची केवळ शुद्धता सांगतो. तो धातू कोणत्या भूमीतून व कोणाच्या श्रमातून आला, हे सांगत नाही. ‘नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये’ ही म्हण तर उगम न विचारण्याचाच सल्ला देते. आजची प्रमाणपत्रे या मर्यादेपलीकडे जातात काय, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

१ जानेवारी २००३ पासून अमलात आलेली ‘किंबर्ली प्रक्रिया’ ही हिऱ्यांचा उगम विचारणारी पहिली आंतरराष्ट्रीय व्यवस्था. सिएरा लिओन व अंगोला येथील यादवी युद्धांना हिऱ्यांच्या विक्रीतून पैसा मिळत होता, ही तिची पार्श्वभूमी. भारत तिचा प्रारंभापासूनचा सदस्य असून २००८ व २०१९ मध्ये अध्यक्षपदही त्याच्याकडे होते. तथापि या व्यवस्थेचे सारे बळ एका व्याख्येत आहे आणि तिचा दोषही तेथेच आहे. वैध शासन उलथवू पाहणाऱ्या बंडखोरांना पैसा पुरविणारे कच्चे हिरे, तेवढेच ‘संघर्षाचे हिरे’ ठरतात. झिम्बाब्वेतील मारांगे येथे २००८ मध्ये खुद्द शासनाच्या सैन्याने हिरे वेचणाऱ्यांवर केलेला अत्याचार या शब्दांत बसत नाही. तेथील हिऱ्यांच्या निर्यातीला २०११ मध्ये मान्यता मिळाली आणि त्याच वर्षी ‘ग्लोबल विटनेस’ ही संस्था या प्रक्रियेतून बाहेर पडली.

व्याख्या व्यापक केल्यास अनेक राष्ट्रे सहभागी होणार नाहीत, असा युक्तिवाद केला जातो. तो व्यवहाराच्या दृष्टीने खरा असला, तरी त्यातून शब्दाची फसवणूक टळत नाही. ‘संघर्षमुक्त’ हा शब्द ग्राहक ‘निर्दोष’ या अर्थाने घेतो. शिवाय हे प्रमाणपत्र कच्च्या हिऱ्यांच्या गठ्ठ्यास असते. पैलू पडल्यानंतर उरते ते विक्रेत्याच्या बिलावरील हमीचे वाक्य.

सोन्याची स्थिती याहून वेगळी नाही. १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरांकांच्या ओळख क्रमांकाविना हॉलमार्कचे दागिने विकता येत नाहीत. ही सुधारणा स्वागतार्हच आहे. पण ‘२२ कॅरेट ९१६’ हा शिक्का म्हणजे कसोटीच्या दगडाचेच आधुनिक रूप. जुने सोने वितळवून पुन्हा वापरणे हा मार्ग त्यातल्या त्यात निर्मळ मानला जातो. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांतून देशभर गेलेल्या गलाई व्यावसायिकांनी हे काम पिढ्यान्‌पिढ्या केले आहे. मात्र नायट्रिक आम्लाच्या ज्या धुरात ते सोने शुद्ध होते, त्या धुराची नोंद कोणत्याच शिक्क्यात नसते.

दोडामार्ग तालुक्यात सोने वा हिरे निघत नाहीत. तरीही हा प्रश्न येथे परका नाही. जुलै २०२१ मध्ये कळणे येथील लोहखनिजाच्या खाणीचा बांध फुटून गाळमिश्रित पाणी गावात शिरले. लोहखनिजाची प्रत त्यातील लोहाच्या टक्केवारीवरून ठरते. खरेदीच्या कागदावर ती टक्केवारी येते, बागायतीतला गाळ येत नाही. मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सावंतवाडी-दोडामार्ग भ्रमणमार्ग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित करण्याविषयी निर्देश दिले. या लढ्यात खनिजाच्या प्रतीचा नव्हे, तर ते जेथून काढले जाते त्या भूमीचा विचार झाला.

हाच विचार सराफाच्या पेढीवरही व्हावयास हवा. प्रमाणपत्रात खाणीचे नाव, तेथील मजुरीची व्यवस्था आणि शुद्धीकरणाचे ठिकाण यांना जागा मिळाल्याशिवाय ‘नैतिक’ हे विशेषण त्यास शोभणार नाही. व्याख्येत कोणाचे दुःख मोजले गेले व कोणाचे वगळले गेले, हे तपासणे केवळ व्यापाराचे काम नव्हे. वाणिज्य, पर्यावरण आणि भाषा या तिन्ही विषयांच्या अध्यापकांचे ते समान कार्यक्षेत्र आहे.