हत्तीवरचा प्रवास आणि रानांतील बिऱ्हाड

'सफारी' हा शब्द आपणांकडे आफ्रिकेंतून आला अशी सामान्य समजूत आहे, व ती खरीही आहे. परंतु स्वाहिली भाषेनें तो अरबींतून घेतला, आणि त्याच मुळाचा 'सफर' हा शब्द मराठी माणूस पूर्वापार वापरीत आला आहे. नागपुराहून जबलपूरच्या रस्त्यानें निघालें कीं पेंचच्या सीमेवर प्रवाशांसाठीं उभारलेल्या ज्या छावण्या लागतात, त्यांवर आफ्रिकेची छाप स्पष्ट दिसते. 'ताज सफारी'नें तर आपला या रानांतील उद्योग एका आफ्रिकी कंपनीच्या सहकार्यानेंच सुरू केला. छावण्यांचा हा व्यापार आमचा विषय नव्हे. परंतु त्यांच्या पाठीशीं प्रवासवर्णनांची एक परंपरा उभी आहे, आणि तिचें परीक्षण करणें हें मात्र वाङ्मयाच्या मासिकाचें काम आहे.

या परंपरेचा मूळ पुरुष कॅप्टन जेम्स फॉर्सिथ. मध्यप्रांत १८६१ सालीं निर्माण झाला. पुढच्याच वर्षीं फॉर्सिथ सातपुडा तुडवीत पचमढीच्या पठारावर पोंचला आणि तेथें त्यानें 'बायसन लॉज' बांधला. त्याचें 'हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया' हें पुस्तक १८७१ मध्यें बाहेर पडलें. त्यांत शिकारीचीं वर्णनें इतकीं आहेत कीं आजच्या वाचकास कंटाळा यावा, क्वचित् किळसही यावी. तरी आमच्या मतें हा ग्रंथ टिकला तो शिकारींमुळें नव्हे. नागपूरचे पाद्री स्टीफन हिस्लॉप यांनीं गोंडांची लिंगोची कथा मिळवून ठेविली होती. ती फॉर्सिथनें इंग्रजी पद्यांत उतरवून आपल्या ग्रंथांत घातली. पद्य बेताचेंच आहे. पण या रानाला स्वतःचें पुराण आहे, तें पाहुण्यांची वाट पाहत बसलेलें नाहीं, हें त्यास कळलें होतें. ज्याला हें कळलें, त्याच्या घराला पुढें कोणी नुसती धर्मशाळा म्हणणार नाहीं.

याच्या उलट किपलिंगची गोष्ट. शिवनीचें रान जगाला ठाऊक झालें तें त्याच्या १८९४ च्या 'जंगल बुक'मुळें. मात्र तें रान त्यानें स्वतः कधीं पाहिलें नव्हतें. आज मोगलीच्या नांवाच्या पाट्या त्या मुलखांत जागोजाग दिसतात. कवीची कल्पना दुकानदाराच्या किती उपयोगी पडते पाहा!

कान्ह्याच्या कडेला बॉब व ॲन राइट या दांपत्यानें १९८२ मध्यें काढलेल्या छावणीलाही 'किपलिंग कँप' हेंच नांव आहे. नांवाबद्दल आम्ही तक्रार करणार नाहीं. ॲन राइट यांचे वडील मध्यप्रांतांत सनदी अधिकारी होते, आणि बाईंना या रानांची ओळख बाळपणींच झाली होती. १९६९ मध्यें 'जागतिक वन्यजीव निधी'ची भारतीय शाखा निघाली, तिच्या संस्थापकांत त्या होत्या. अशा मनुष्यानें रानाशेजारीं बिऱ्हाड केलें तर त्यांत नवल नाहीं. या छावणीचा वाङ्मयाशीं खरा संबंध येतो तो मार्क शँडच्या 'ट्रॅव्हल्स ऑन माय एलिफंट' या १९९१ च्या पुस्तकामुळें.

शँड हा हौशी, साहसी, आणि आपल्याच अज्ञानाची थट्टा करणारा इंग्रज. १९८८ सालीं त्यानें ओरिसांत तारा नांवाची एक हत्तीण विकत घेतली व तिच्यावर बसून कोणार्कापासून बिहारांतील सोनपूरच्या मेळ्यापर्यंत तो गेला. सोबतीस आदित्य पाटणकर हे मराठा घराण्यांतील छायाचित्रकार मित्र होते. पुस्तकाचा पूर्वार्ध आम्हांस फारसा रुचला नाहीं. माहुताचें दारूचें व्यसन, गांवकऱ्यांची गर्दी, उष्मा, खाण्याचे हाल या सर्वांवर विनोद करण्याची इंग्रजी रीत आतां जुनी झाली आहे. हंसण्याचा मान सदैव साहेबाचा, आणि ज्याच्यावर हंसावयाचें तो सदैव काळा, हें तिचें वर्म. भीम माहुताच्या बोटांना ताऱ्याच्या कानामागची जागा जितकी ठाऊक, तितकी लेखकाला तिच्यावर शेंकडों मैल बसूनही झाली नसेल. पण भीमाचें म्हणणें आपल्या कानीं पडतें तें लेखकाच्याच तोंडून.

तथापि शेवट पाहावा. मेळ्यांत हत्तीण विकावयाची, हा आरंभींचा बेत. मेळा जवळ येऊं लागतो तसतसा विनोद विरळ होतो, वाक्यें आखूड होतात, आणि साहसी पुरुषाला प्रथमच अशी अडचण पडते कीं जिला धैर्य पुरत नाहीं. विकत घेतलेल्या जिवाचें पुढें काय करावयाचें? बहुतेक प्रवासवर्णनें या प्रश्नाच्या अलीकडेच संपतात. घोडा, उंट, नाव, वाटाड्या हे सर्व शेवटच्या पानाआधीं निमूटपणें नाहींसे होतात. शँडला तसें करतां आलें नाहीं. तारा राइट दांपत्याच्या छावणींत गेली, आणि बंजर नदींत तिचें स्नान हा तेथील पाहुण्यांचा आवडता सोहळा झाला. २००२ मध्यें आशियाई हत्तींसाठीं 'एलिफंट फॅमिली' ही संस्था निघाली, तिच्या संस्थापकांत शँड होता. २०१४ मध्यें मृत्यु येईपर्यंत तो त्याच कामांत होता. एका जनावराचें देणें फेडतां फेडतां मनुष्याचा सारा आयुष्यक्रम बदलला. पुस्तकाचे पुष्कळ दोष आम्ही यासाठींच पोटांत घालतों.

मराठींत याच्या जोडीस ठेवावयाचें तर मारुती चितमपल्ली यांचें 'नवेगावबांधचे दिवस' ठेवावें. येथें क्रम मात्र उलटा आहे. चितमपल्ली वनाधिकारी म्हणून रानांत आधीं राहिले आणि मग लिहूं लागले. आणि माधवराव पाटलांसारख्या स्थानिक माणसांपासून आपण काय शिकलों हें सांगतांना त्यांना संकोच वाटला नाहीं. जो माहूत शँडच्या पुस्तकांत हास्यविषय होतो, तोच चितमपल्लींच्या पानांवर गुरु झाला असता. साहसाचा थरार मात्र त्यांच्याजवळ कमी आहे, आणि तरुण वाचकाला तो हवाच असतो. म्हणून आमच्या घरांतील मुलांच्या हातीं दोन्ही पुस्तकें द्यावीं असें आम्हांस वाटतें. दिवाळीच्या सुटींत कान्ह्यास निघालेल्यांनीं सारें पुस्तक नाहीं तरी सोनपूरच्या मेळ्याचा भाग वाचूनच गाडींत बसावें.