नाम, ‘नेम’ आणि ‘नोंब्रे’

हिंगोली जिल्ह्यांतील नर्सी हें गांव परंपरेनें संत नामदेवांचें जन्मस्थान मानलें जातें. ज्यांच्या नांवांतच ‘नाम’ आहे आणि ज्यांनीं जन्मभर नामाचाच व्यापार केला, त्यांची वाणी परभाषेंत नेऊं लागतांच पहिली ठेंच याच शब्दापाशीं लागावी, हा योगायोग मोठा मौजेचा आहे. त्यांचीं हिंदी वळणाचीं ६१ पदें १६०४ सालीं सिद्ध झालेल्या आदिग्रंथांत आहेत. मॅकॉलिफ यांनीं १९०९ सालीं प्रसिद्ध केलेल्या सहा खंडांच्या ग्रंथांतून तीं इंग्रजी वाचकांपुढें आलीं. इंग्रजींत ‘नाम’ म्हणजे ‘नेम’. फरक दाखवावयाचा तो आरंभीं मोठें अक्षर घालून. आमच्या लिपींत लहानमोठीं अक्षरें नाहींत; नामाचें मोठेपण आम्हीं उच्चारांत शोधतों.

हेंच नाम इंग्रजीच्या द्वारें स्पॅनिश भाषेंत न्यावयाचें झालें तर काय होईल? हा मार्ग कल्पनेंतला नव्हे. रवींद्रनाथांच्या इंग्रजी पुस्तकांवरूनच सेनोबिया काम्प्रुबी आणि खुआन रामोन खिमेनेथ या जोडप्यानें १९१५ पासून त्यांना स्पॅनिश वेष दिला. मूळ बंगाली गाण्याचें इंग्रजी गद्य आणि त्या गद्यावरून स्पॅनिश, असा तो दुहेरी प्रवास होता. अशा प्रवासांत भाषांतरकार मधल्या भाषेचे दोष आपल्या पदरीं घेतो, आणि मूळ भाषेशीं असलेलें आपलें नातें मात्र त्यास दिसत नाहीं.

तें नातें येथें खरोखर आहे. ‘नाम’, ‘नेम’ आणि स्पॅनिश ‘नोंब्रे’ हे तिन्ही एकाच कुळींचे शब्द. परंतु स्पॅनिशमध्यें ‘नोंब्रे’ हें व्याकरणांतल्या नामालाहि चालतें, जसें तें मराठींत चालतें. इंग्रजीस तेथें निराळा शब्द घ्यावा लागतो. मूल जन्मलें कीं आपण त्याचें नांव ‘ठेवतों’. स्पॅनिश माणूसहि ‘पोनेर’ म्हणजे ठेवणें हेंच क्रियापद वापरतो. इंग्रज मात्र नांव ‘देतो’. इंग्रजी कोश उघडून बसलेल्या भाषांतरकारास हीं साम्यें कोण सांगणार?

उलट, शब्दास शब्द ठेवणाराची फजिती कशी होते तेंहि पाहावें. इंग्रजींत एखाद्यास ‘नांवांनीं हाक मारणें’ म्हणजे शिवीगाळ करणें. स्पॅनिशमध्यें तेथें सरळ ‘इन्सुल्तार’ म्हणावें लागतें, ‘नोंब्रे’चा तेथें कांहीं उपयोग नाहीं. आमच्याकडे एकवचनीं ‘नांव ठेवणें’ हा बारशाचा सोहळा, तर अनेकवचनीं ‘नांवें ठेवणें’ ही शेजारणींची करमणूक! ‘याला नांवच नाहीं’ असें स्पॅनिश मनुष्य म्हणाला तर ती गोष्ट संतापजनक आहे असें समजावें. वाक्प्रचार हे त्या त्या घरच्या चालीरीती आहेत. पाहुण्यानें त्या विचारून घ्याव्या.

खरी कसोटी मात्र ‘नाम घेणें’ या शब्दप्रयोगाची आहे. नामदेवांच्या दृष्टीनें याहून मोठें पुण्य नाहीं. पण ‘देवाचें नांव घेणें’ याचें अक्षरशः इंग्रजी किंवा स्पॅनिश करावें, तर ख्रिस्ती वाचकास तत्काळ दहा आज्ञांपैकीं एक आठवते: देवाचें नांव व्यर्थ घेऊं नये. म्हणजे जें इकडे साधन, तेंच तिकडे पातकाच्या उंबरठ्यावर जाऊन बसतें! शब्द बरोबर, व्याकरण बरोबर, आणि अर्थ पार उलटा. भाषांतराची चूक कोशाकडे बोट दाखवून सुटत नाहीं, ती अशी.

मग काय करावें? ‘रेपेतिर’ म्हणजे पुनःपुन्हा म्हणणें, यांत यंत्राचा खडखडाट येतो. ‘इन्व्होकार’ म्हणजे आवाहन, यांत देव दूर कोठें तरी बसला आहे असा ध्वनि आहे. आणि नामदेवांचा विठ्ठल तर, आख्यायिकेप्रमाणें, बालकाच्या हट्टानें नैवेद्य खावयास येणारा. आमच्या मतें ‘यामार’ हें क्रियापद सर्वांत जवळचें. त्याचा अर्थ हाक मारणें. आणि ‘तुझें नांव काय?’ हा नित्याचा प्रश्नहि स्पॅनिश भाषा याच क्रियापदानें विचारते. नांव असणें आणि हाक मारली जाणें हीं तेथें एकच आहेत. शिवाय व्यक्तीस उद्देशून क्रिया असेल तेव्हां स्पॅनिश भाषा कर्मापूर्वीं ‘आ’ हें अव्यय लावते. आपण ‘विठ्ठलाला हाक मारली’ म्हणतांना ‘ला’ लावतों, तसेंच तें. हाक मारलेला कोणी जिवंत आहे, ही खूण दोन्ही भाषा अशी व्याकरणांतच ठेवतात.

स्पॅनिश वाचक या विचारास अगदींच परका नाहीं. फ्राय लुईस दे लेऑन यांनीं ख्रिस्ताच्या नांवांवर लिहिलेला संवादरूप ग्रंथ १५८३ मध्यें प्रसिद्ध झाला. त्याच लेखकास बायबलांतील गीतरत्न लोकभाषेंत उतरविणें वगैरे आरोपांवरून १५७२ ते १५७६ कारावास भोगावा लागला होता. नाम आणि भाषांतर या दोहोंची किंमत त्या भाषेनें मोजली आहे.

आपल्या घरांतील वडीलधाऱ्या स्त्रिया पतीचें नांव एरवीं उच्चारीत नसत. मंगलप्रसंगीं उखाण्यांत तें घेत, आणि घेतांना लाजत. नांव ही वस्तूवरची चिठ्ठी नसून वस्तूला झालेला स्पर्श आहे, हें त्यांस कोणा शास्त्र्यानें शिकविलें नव्हतें. नर्सीचें नाम परदेशीं नेणाऱ्यानें मोठ्या अक्षरावर विसंबूं नये; एवढा संकोच आणि एवढी जवळीक बरोबर न्यावी.