मंगलकार्यातील कागद आणि काच

महाराष्ट्रातील विवाहसमारंभाच्या शोभेविषयी आपल्याकडे जे लेखन आढळते त्यात वस्त्रे, अलंकार आणि पक्वान्ने यांनाच मानाचे पान मिळालेले दिसते. परंतु ज्या दोन स्वल्पमोल आणि भंगुर द्रव्यांवाचून आपल्या घरातील मंगलकार्य सहसा सिद्धीस जात नाही, त्या कागदाच्या आणि काचेच्या हस्तकामाकडे कलासमीक्षकाच्या दृष्टीने पाहण्याची तसदी क्वचितच कोणी घेतलेली आहे. पत्रिका कागदाची, बाशिंग कागदाचे, मखर कागदाचे. चुडा काचेचा, मंगळसूत्रातील काळे मणी काचेचे, आणि जुन्या घरांच्या चौकटीवर लग्नापुरते चढणारे तोरण काचमण्यांचे. या सगळ्या वस्तू स्वस्त आहेत, घरोघरी आहेत आणि बहुतेक कार्य उरकल्यावर टाकून दिल्या जातात, म्हणून त्यांना कलेच्या दरबारात प्रवेश नाही. मला हा न्याय मान्य नाही. ज्या वस्तूला विधीमध्ये काही नेमलेले काम आहे, ती वस्तू ते काम किती शोभेने आणि किती चोखपणे पार पाडते, हीच या क्षेत्रातील कलेची खरी परीक्षा होय. आणि या परीक्षेला आजची परिस्थिती लावून पाहिली म्हणजे काही ठिकाणी समाधान वाटते, काही ठिकाणी मन विषण्ण होते.

प्रारंभ कागदापासून करणे युक्त होईल. पेशवे दप्तराचे रुमाल सोडून बसणाऱ्या अभ्यासकाला जुन्नरी आणि दौलताबादी कागदाची निराळी ओळख करून द्यावी लागत नाही. सणाची जुनी दोरखंडे आणि गोणपाटे चुन्यात कुजवावयाची, ढेंकीने कुटून त्यांचा लगदा करावयाचा, तो हौदाच्या पाण्यात कालवून गवतकाड्यांच्या साच्यावर एकेक ताव उचलावयाचा, भिंतीवर थापून वाळवावयाचा, पिठाची खळ चढवावयाची आणि शेवटी गुळगुळीत दगडाने घोटून घोटून त्याला असे तेज आणावयाचे की बोरूची जीभ कोठेही अडखळू नये, असा हा उद्योग होता. जुन्नर, नाशिक, एरंडोल, पुणे येथील कागद्यांच्या वस्त्या, आणि दौलताबाद-खुलताबादच्या वाटेवरील कागजीपुरा हे गाव, ही या हुन्नराची ठाणी. गिरणीच्या कागदाने या वस्त्यांचा रोजगार हिरावून घेतला. पुढे 1934 मध्ये वर्धा येथे अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली मगनवाडीत हातकागदाचे प्रयोग सुरू झाले. 1940 मध्ये के. बी. जोशी यांनी पुण्यात हातकागद संस्था उभी केली. त्यामुळे आज लग्नपत्रिकेसाठी हातकागद हवा असलेल्या यजमानाला परप्रांताकडे पाहण्याचे काही कारण नाही, जरी व्यापाराच्या दृष्टीने राजस्थानातील सांगानेर या बाबतीत पुष्कळच पुढे गेलेले असले तरी.

परंतु या पुनरुज्जीवित कागदाचे आपण काय केले? बाजारात ‘हँडमेड’ म्हणून जो कागद पत्रिकेसाठी मागितला जातो त्यात वाळलेल्या पाकळ्या, पाने, सोनेरी तंतू आणि जरीचा चुरा इतका दाबून भरलेला असतो की त्यावर मजकूर वाचताना मुहूर्ताची घटिका कोणती आणि पाकळीची शीर कोणती हे शोधावे लागते. हा कागद लिहिण्याचा किंवा छापण्याचा राहिलेला नसून गुंडाळण्याचा झाला आहे. पाकिटे, पिशव्या आणि आहेराच्या पेट्या यांसाठी तो ठीक आहे, पत्रिकेसाठी नव्हे. सुती चिंध्यांपासून केलेला, न रंगविलेला, चारी कडा साच्यातून जशा निघाल्या तशाच राखलेला पांढरा ताव आणि त्यावर खिळ्यांच्या छपाईने किंचित खोल उमटलेली काळी अक्षरे, याहून देखणी पत्रिका माझ्या पाहण्यात नाही. लग्नपत्रिकेच्या चारी कोपऱ्यांना ओले हळदकुंकू लावून ती प्रथम कुलदैवतापुढे ठेवण्याची आपली वहिवाट आहे. सुती हातकागद ते कुंकू आपल्यात मुरवून घेतो, तर गुळगुळीत आर्ट पेपरावर ते फिसकटते आणि दुसऱ्या पत्रिकेला डाग लावून मोकळे होते. विधीने सांगितलेले काम कोणता कागद करतो याचा निवाडा इतक्या साध्या गोष्टीत होतो. लेझरच्या किरणाने कातरलेल्या जाळ्या, तीन पदरांची दारे आणि मखमली पेटी यांनी नटलेल्या आजच्या श्रीमंती पत्रिकांत अचूकपणा विपुल आहे. परंतु त्यांत कागदाचा स्वभाव कोठेच प्रकट होत नाही, तेच नक्षीकाम पत्र्यात किंवा लाकडात केले असते तरी काही बिघडले नसते.

कागदाच्या ज्या वस्तूविषयी मला सर्वांत अधिक आस्था आहे ती बाशिंग. पुठ्ठ्याचा गाभा, त्यावर बेगडाचे पत्रे, भेंडाच्या पांढऱ्या फुलांच्या रांगा, मध्ये बसविलेली काचेची लहान भिंगे, कडेने लोंबणारे मणी आणि गोंडे, असा हा मस्तकाचा शृंगार कागद आणि काच या दोन्ही द्रव्यांचा संगम आहे. त्याची रचना पाहावी: मधला उंच शेंडा कपाळाच्या रेषेवर येतो, दोन्ही बाजूंचे पंख कानशिलांपर्यंत उतरतात, आणि वधूवर मांडवात जरा मान हलवितात तेव्हा भिंगांवर दिव्याचा उजेड चमकून जातो. बसल्या जागेवरून आणि दुरून पाहणाऱ्या शेकडो डोळ्यांना वधूवर कोण हे कळावे, हे त्याचे काम. ते काम साधण्यासाठी कारागिराने वजन हलके ठेवले, रंग भडक ठेवले आणि उंची वाढविली. ज्यांना हे रंग गावंढळ वाटतात त्यांनी ते दुकानाच्या फळीवर नव्हे तर भर उन्हात, हळदीने माखलेल्या चेहऱ्यावर बांधलेले पाहावेत. शहरी लग्नांतून बाशिंग झपाट्याने हद्दपार झाले असून मोत्यांच्या मुंडावळ्यांवर काम भागविले जाते; खेड्यांत ते टिकून आहे, आणि पोळ्याला बैलांच्या शिंगांना बाशिंगे बांधण्याची रीत असल्यामुळे लग्नसराई संपल्यावरही श्रावणअखेर कारागिराच्या हाताला काम मिळते. तथापि भेंडाची जागा स्पंजाने, बेगडाची प्लॅस्टिकच्या चकाकत्या पट्टीने आणि भिंगाची चिकट टिकलीने घेतली आहे. आकार जुना, अंग नवे. उजेड आता चमकून जात नाही, नुसताच पसरतो. यात दोष कारागिराचा नाही. ज्या किमतीत आपण बाशिंग मागतो त्या किमतीत भेंड सोलून फुले करणारा माणूस पोट भरू शकत नाही.

मखर आणि आकाशकंदील यांची हकीकत याहून आशादायक आहे. बारसे, मुंज, डोहाळजेवण, चैत्रगौर, गणपती या सर्व प्रसंगी घरातील माणसांनी रात्र जागवून कामट्या, पुठ्ठे, घोटीव कागद आणि पतंगी कागद यांतून मखर उभे करावे, हा एके काळी मध्यमवर्गीय घरांचा नित्याचा व्यवहार होता. थर्मोकोलने तो मोडला. 2018 मध्ये महाराष्ट्र शासनाने प्लॅस्टिकबरोबर थर्मोकोलच्या सजावटीवरही निर्बंध आणले, आणि सरकारी हुकमाने कलेला हात दिल्याचे जे थोडे दाखले आपल्याकडे आहेत त्यांत याची गणना करावी लागेल; घडी घालून ठेवता येणारी, खोबणीत खोबण अडकवून उभी राहणारी पुठ्ठ्याची मखरे त्यानंतर बाजारात विपुल दिसू लागली. त्यांतील चांगली मखरे पुठ्ठ्याच्या दुमडीतून कमान आणि खांब उभे करतात. वाईट मखरे दगडी देवळाचे सोंग घेतात. आकाशकंदिलाच्या बाबतीत मुंबईतील माहीमच्या कंदील गल्लीचे ऋण मान्य केलेच पाहिजे. कागदाच्या करंज्या वळून एकीला एक चिकटवीत केलेला तेथील कंदील पाहिला म्हणजे कातर, खळ आणि कागद एवढ्याच साधनांत किती वैभव साठलेले असते याची प्रचीती येते.

रुखवताविषयी मात्र कठोर बोलणे भाग आहे. मूळचे रुखवत म्हणजे फराळाची ताटे, शेवया, फेण्या, करंज्या. पुढे त्यात वधूच्या आणि तिच्या मैत्रिणींच्या हातची कलाकुसर आली, काचमण्यांचे रुमाल, ताटावरची आच्छादने, रंगीत कागदाची फुले, मण्यांत मढविलेले नारळ. या वस्तूंत सफाई कमी असे, परंतु त्या वधूच्या हाताची साक्ष वराच्या घरच्यांना देत असत, आणि हेच त्यांचे काम होते. आज रुखवत तयार मिळते, इतकेच नव्हे तर भाड्यानेही मिळते: सप्तपदीचा देखावा, बैलगाडी, तुळशीवृंदावन, सगळे एकाच साच्याचे, एका लग्नातून दुसऱ्या लग्नात फिरणारे. ज्या वस्तूचे सारे प्रयोजन करणारीच्या ओळखीत होते ती भाड्याने आणल्यावर तिच्यात पाहण्याजोगे काय उरले? क्विलिंगसारख्या परक्या तंत्रांच्या शिकवण्या शहरांत चालतात, त्यांतून काही मुली रुखवतासाठी स्वतः वस्तू करतात, आणि त्या वस्तू कितीही अनघड असल्या तरी भाड्याच्या देखाव्यापेक्षा मला त्या शतपटीने आदरणीय वाटतात.

आता काचेकडे वळू. काचेच्या बांगडीचे आपल्या भूमीशी नाते फार जुने आहे. 1945-46 मध्ये डेक्कन कॉलेजच्या वतीने कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर जे उत्खनन झाले त्यात बहामनी काळातील काचेच्या बांगड्या मिळाल्या, आणि त्या उत्खननाचे एक सूत्रधार मो. गं. दीक्षित यांनी पुढे भारतीय काचेच्या इतिहासावर 1969 मध्ये स्वतंत्र ग्रंथच प्रसिद्ध केला. पहिल्या महायुद्धापूर्वी ऑस्ट्रियाच्या बोहेमिया प्रांतातून येणाऱ्या बांगड्यांनी हिंदुस्थानची पेठ व्यापलेली होती. स्वदेशीच्या लाटेत 1908 च्या सुमारास अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून तळेगाव दाभाड्याला काच कारखाना निघाला, पुढे कऱ्हाडजवळ ओगलेवाडीस ओगले काच कारखाना उभा राहिला आणि त्याचा प्रभाकर कंदील घरोघर पोचला. परंतु लग्नातील हिरवा चुडा मात्र महाराष्ट्राला बाहेरूनच आणावा लागला, आणि आजही तो उत्तर प्रदेशातील फिरोजाबादहून येतो.

तो तेथे कसा होतो हे लग्नघरातील फार थोड्यांना ठाऊक असते. भट्टीतून ओढलेली वितळती काच फिरत्या दांड्यावर वेटोळ्यासारखी गुंडाळली जाते, ते वेटोळे कापले म्हणजे तोंडे उघडी असलेली कडी सुटी होतात. मग ती दिव्याच्या ज्योतीवर सपाट करण्याचे काम, सधाई, आणि तोंडाला तोंड जोडण्याचे काम, जुडाई, ही बहुतांशी कारखान्याबाहेर, लहान लहान घरांत, स्त्रियांच्या हातून होतात. ताजमहालाच्या संरक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये त्या परिसरातील कारखान्यांना कोळसा सोडून वायूवर जाण्याचा हुकूम दिला, त्याचा परिणाम भट्ट्यांवर झाला. घरातील ज्योतीपुढे वाकलेल्या डोळ्यांची आणि छातीची काळजी कोणत्याही हुकमाने तितक्या तत्परतेने घेतली नाही. सौभाग्याचे चिन्ह म्हणून आपण ज्या बांगडीला नमस्कार करतो तिच्या जोडणीसाठी एका अनोळखी स्त्रीची दृष्टी झिजते, हे सांगितल्यावाचून या कलेची समीक्षा पुरी होऊ शकत नाही.

आणि चुड्याची कला बांगडी घडल्यावर संपत नाही. ती कासाराच्या हाताने पुरी होते. दोन-चार, दोन-सहा अशा मापांच्या बांगड्यांपैकी मनगटाला शोभेल ती निवडावयाची, ती हाताच्या हाडापेक्षा लहानच असावयाची, आणि तळहात चेपून, अंगठ्याचा सांधा आत दाबून, एकही बांगडी न पिचता ती चढवावयाची, हे कसब पिढीजात आहे. पुष्कळ घरांत आता चुडा खोक्यातून येतो आणि साबणाच्या फेसाने मनगटात सरकविला जातो, म्हणून साहजिकच मोठ्या मापाचा घेतला जातो; मनगटावर तो बसत नाही, खुळखुळतो. ज्या घरात अजून कासार बोलावला जातो, त्याला पाट, विडा आणि मान दिला जातो, त्या घरात हिरव्या, राजवर्खी बांगड्यांच्या रांगांचे जे नादमय ऐश्वर्य दिसते ते कोणत्याही सोन्याच्या पाटल्यांत नाही असे मी निःशंकपणे म्हणेन.

काळ्या मण्यांचे भाग्य निराळे आहे. आंध्रातील पापनायडूपेट आणि उत्तर प्रदेशातील पुरदिलनगर येथे काचमणी करणाऱ्या वस्त्या आहेत. पुरदिलनगरात सळईभोवती काच गुंडाळून एकेक मणी वळतात, तर पापनायडूपेटेत काचेची लांब नळी ओढून तिचे तुकडे करतात. बारीक, किंचित असमान, दोऱ्यात ओवलेल्या अशा मण्यांची पोत अंगावर जशी मऊ पडते तशी यंत्रातून निघालेल्या एकसारख्या मण्यांची पडत नाही. सराफाच्या दुकानात सोन्याचा कस तपासणारी माणसे मण्यांविषयी एक प्रश्नही विचारीत नाहीत, ही गोष्ट मला अत्यंत खटकते. कारण सोने कमी-अधिक असले तरी चालते, काळ्या मण्यांवाचून मंगळसूत्रच होत नाही.

काचमण्यांच्या तोरणाविषयी लिहिण्यासारखे फार उरलेले नाही. जुन्या घरांच्या पेट्यांत आणि पुण्याच्या केळकर संग्रहालयासारख्या ठिकाणी जुन्या काळच्या हस्तकौशल्याचे नमुने जपलेले आहेत. ही कला टिकवावयाची तर ज्यांना मण्यांनी वीण घालता येते त्या वृद्ध स्त्रियांकडून ती शिकून घेणे, याखेरीज मला दुसरा उपाय दिसत नाही.

उपायाचाच विचार करावयाचा तर पत्रिकेपासून आरंभ करण्याची संधी आज चालून आलेली आहे. आमंत्रणाचा मोठा भार मोबाइलने उचलला आहे. शेकडो पत्रिका छापून वाटण्याची गरज राहिली नाही, परंतु कुलदैवतापुढे ठेवण्याची, अक्षतीबरोबर वडीलधाऱ्यांच्या हाती देण्याची पत्रिका अजून कागदाचीच लागते. अशा पन्नास-पाऊणशे पत्रिका सुती हातकागदावर, एखाद्या जुन्या छापखान्यातील शिल्लक खिळ्यांनी छापून घेतल्या तर खर्च पूर्वीच्या पाचशे चकचकीत पत्रिकांपेक्षा अधिक होणार नाही. यजमानाने स्वतः हातकागदाच्या कारखान्यात जावे, ताव उजेडासमोर धरून पाहावा, कोपऱ्याला ओले कुंकू लावून पाहावे. आणि बाशिंगाची मागणी लग्नाच्या आठवड्यात न करता तिथी ठरताच करावी, भेंडाची फुले आणि काचेची भिंगे हवीत असे स्पष्ट सांगावे, आणि त्या कामाचा जो मोबदला कारागीर सांगेल तो घासाघीस न करता आगाऊ द्यावा.